हरहुन्नरी आणि बिगारी

एकच माणूस पाच कामं करतो. त्याला हरहुन्नरी कधी म्हणायचं आणि बिगारी कधी? हा सवाल माझ्या डोक्यात बाबुराव पेंटरनं घातला.

कोल्हापूरचा हा माणूस. जन्म १८९०, मरण १९५४. मूळ आडनाव मेस्त्री, कारागिराच्या घरातलं पोर. चित्रकलेच्या शाळेत गेला नाही, बघून बघून शिकला. आनंदराव पेंटरसोबत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेला, बाबुरावनं काम सोडलं नाही. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. सिनेमाची पोस्टरं तो स्वतः रंगवायचा. पुतळेही घडवले. कुंचला, छिन्नी, कॅमेरा. ज्याला हात लावला ते त्याचं झालं.

१९२५ साली त्यानं 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. सिनेमा मुका होता. मी साच्यावर उभा असतो तेव्हा खात्यातल्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. आम्ही खुणांनीच बोलतो. तो मुका शेतकरी मला आमच्यातलाच वाटतो.

जात सांगते, बापाच्या हातात जे हत्यार तेच तुझ्या हातात. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. बाबुराव एका हत्यारावरून दुसऱ्यावर गेला, म्हणून मला तो माणूस आवडतो.

पण दोस्तांनो, पुढं बघा. ज्या १९२० साली 'सैरंध्री' आला, त्याच साली मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, शाहू महाराज जातीनं हजर. तिथं जमलेल्या आपल्या बापजाद्यांचे हात काय एकाच कामाचे होते? महार सांगावा न्यायचा, वेस राखायचा, लाकडं फोडायचा, मेलेलं ढोर ओढायचा, शिवेची खूण तोंडपाठ ठेवायचा. इतकी कामं येणाऱ्याला कुणी हरहुन्नरी म्हटलं? नाही. त्याला वेठीला धरलं.

पार्ल्यात आमच्या वस्तीत एक काका आहेत. सकाळी नाक्यावर उभे राहतात. मिळेल ते काम करतात. भिंती रंगवतात, फरशी बसवतात, दुकानाच्या पाट्या लिहितात. चौदा एप्रिलला स्टेजचा पडदा तेच रंगवतात. चैत्यभूमीचा घुमट असा काढतात की बाया लांबूनच हात जोडतात. गेल्या जयंतीला मी म्हटलं, "काका, कोपऱ्यात नाव टाका की." ते म्हणाले, "नाव कशाला रे? उद्या नाक्यावर नाव विचारतंय कोण? काम येतं का, एवढंच विचारतात."

त्या रात्री झोप लागली नाही. फरक हातात नाही. बाबुरावच्या हातातली कळ काकांच्याही हातात आहे. फरक एवढाच, की आज काय करायचं हे बाबुराव ठरवायचा आणि काकांचं नाका ठरवतो. जिथं 'नाही' म्हणायची मुभा नाही, तिथं दहा कामं येणं हे कौतुक नाही, ती दहा दोरखंडं आहेत. म्हणून कला म्हणजे काय, हे विचारायच्या आधी विचारा, काम निवडलं कुणी?

आणि मी तरी कोण मोठा? या पानावर माझं नाव छापून येईल. मी विणलेल्या ताग्यावर कधी आलं नाही, येणारही नाही. कवितेखाली सही करताना मी ताठ होतो आणि ताग्याला मात्र विसरतो. म्हणजे वरच्यांनी केलेली वाटणी मीही मुकाट मानलीच की.

येत्या जयंतीला ब्रश घेऊन मी काकांच्या शेजारी बसणार आहे. नाव त्यांच्याच हातानं लिहून घेणार. नको म्हणाले तर भांडणार.