जीन रीस आणि आत्मचरित्रात न मावणारी 'मी'

आत्मचरित्र लिहायला बसणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो, आणि ती इतकी साधी असते की बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. मी कुठली, कोणाची, हे वाचणाऱ्याला थोडंफार ठाऊक आहे असं धरूनच पहिलं वाक्य लिहिलं जातं. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ स्वतःला पुरुषांच्या इंग्लंडबाहेरची मानत असे. पण तिचे वडील लेस्ली स्टीफन हे ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक होते. नामवंतांच्या चरित्रांची मोजदाद ज्या घरात चाले, त्याच घरात ती वाढली. बाहेर पडण्यासाठी तिला निदान एक घर होतं.

कादंबरीकार जीन रीसचं तसं नव्हतं. तिचा जन्म १८९० चा, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर, रोझो गावी. वडील वेल्समधून आलेले डॉक्टर. आई बेटावरच्याच जुन्या गोऱ्या मळेवाल्या घराण्यातली, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष, म्हणजे जीनचा पणजोबा, गुलामांचा मालक. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण लोकांच्या मनातला हिशेब मिटला नव्हता. चहूकडे काळ्या माणसांची वस्ती, आणि त्यांना आपण नकोसे आहोत हे या मुलीला लहानपणीच कळलेलं. ते का, हेही कळलेलं. १९०७ मध्ये ती इंग्लंडला आली तेव्हा तिथे तिचे उच्चारच आड आले; नाट्यशिक्षणाच्या अकादमीतून त्यापायी तिला बाहेर पडावं लागलं. मग गावोगाव हिंडणाऱ्या संगीत नाटक कंपनीत ती कोरसमध्ये नाचू-गाऊ लागली. बेटावर ती गोरी म्हणून परकी होती आणि इंग्लंडमध्ये बेटावरची म्हणून.

अशा बाईने 'मी' म्हणायचं ते कोणासमोर? प्रेमभंगानंतर लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत तिने वह्यांमागून वह्या भरल्या, आणि मग त्या पुष्कळ वर्षं कोणाला न दाखवता जवळ बाळगल्या. त्यांतूनच पुढे १९३४ साली 'व्हॉयेज इन द डार्क' ही कादंबरी आली. बेटावरून इंग्लंडला आलेली, नाटक कंपनीत कोरसमध्ये असलेली अ‍ॅना मॉर्गन ही तिची नायिका. प्रसंग बरेचसे जीनच्याच आयुष्यातले. पण मला महत्त्वाची वाटते ती या कादंबरीतली काळाची वागणूक. अ‍ॅना इंग्लंडमधल्या एका थंडगार खोलीत पडलेली असते आणि परिच्छेदाच्या मध्येच, काही सूचना न देता, मन बेटावर जातं: तिथले वास, रंग, रस्त्यांची नावं. परततंही तसंच. युरोपातल्या आधुनिकतावादी लेखकांनी ही रीत रुळवली होती, म्हणून ती रीसने उचलली असं समीक्षक सांगतात. मला ते अपुरं वाटतं. जिच्या दोन जगांना जोडणारा रस्ताच नाही, तिने सलग रस्ता काढून दाखवला असता तर ते खोटं झालं असतं.

याच कादंबरीत एक फार अवघड जागा आहे. बेटावरच्या एका जुन्या मळ्यातली गुलामांची यादी अ‍ॅनाने पूर्वी कधीतरी पाहिलेली असते. तिच्याहून वयाने, पैशाने मोठ्या प्रियकराच्या बिछान्यात असताना त्या यादीतलं एक नाव तिला आठवतं: मेयॉट बॉइड, वय १८, घरकामाची गुलाम. अ‍ॅनाही साधारण त्याच वयाची. मालकांच्या वंशातली मुलगी गुलाम मुलीच्या नावात स्वतःला पाहते. तिला हा हक्क आहे का? रीस उत्तर देत नाही, अ‍ॅनाला निर्दोषही ठरवत नाही. आत्मचरित्रात हे वाक्य लिहायचं तर लगेच खुलासा करावा लागतो, क्षमा मागावी लागते किंवा बाजू मांडावी लागते. कादंबरीत ते नाव नुसतं येतं आणि वाचणाऱ्याच्या मनात रुतून राहतं.

१९३९ मध्ये आणखी एक कादंबरी आली, आणि त्यानंतर रीस जवळपास विस्मरणात गेली. १९६६ मध्ये 'वाइड सारगॅसो सी' घेऊन ती परतली तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटली होती. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधली माळ्यावर कोंडलेली वेडी बायको, मूळची जमैकाची, इथे बोलू लागते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते याबद्दल, की पुस्तकाचा मधला मोठा भाग रीसने नवऱ्याच्या तोंडी दिला आहे. त्या बाईला न समजणारा, तिचं नावसुद्धा बदलून टाकणारा हा इंग्रज तिथे 'मी' म्हणतो. इंग्लंडने आपल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजरही आपल्या गोष्टीचाच भाग आहे, हे मान्य करायला मोठं बळ लागतं.

अखेरीस आपल्याबद्दल भलतंसलतं लिहिलं जातंय म्हणून तिने खरोखरचं आत्मचरित्र हाती घेतलं. 'स्माइल प्लीज' अपुरं राहिलं आणि १९७९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, निघालं. त्यातला बेटावरचा भाग लखलखीत आहे. इंग्लंड आणि पॅरिसची वर्षं तुटक, टिपणांसारखी. वय आणि आजारपण हे कारण आहेच. पण ती वर्षं तिने कादंबऱ्यांमध्ये आधीच सांगून टाकली होती, आणि ज्या रूपात सांगितली त्याहून खरं रूप सरळ निवेदनात सापडत नव्हतं, असं मला वाटतं.

म्हणून चरित्रकार अ‍ॅनाला जीनच्या आयुष्याचा पुरावा म्हणून वापरतात तेव्हा मी अस्वस्थ होते. 'व्हॉयेज इन द डार्क'च्या मूळ हस्तलिखितात शेवटी अ‍ॅना गर्भपातानंतर मरते. प्रकाशकाच्या आग्रहामुळे रीसने तिला जगवलं, पण मूळ शेवटच बरोबर होता असं ती मानत राहिली. स्वतः मात्र ती ८८ वर्षं जगली. तरुण वयातच आपल्यातलं कोणीतरी तिथे इंग्लंडमध्ये मेलं, ही तिच्या आयुष्याची हकिकत होती, आणि ती लिहायला तिला अ‍ॅनाच हवी होती.