धरणाचे वार्धक्य

प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले आणि ते आजही पाणी अडवून उभे आहे. चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याच्या मातीच्या धरणाला मात्र उणीपुरी वीस वर्षे होत आली होती, तोच २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी वीसहून अधिक माणसांसह वाहून गेली. या दोहोंत म्हातारे कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भंडारदऱ्यालाही दुखणे जडले होतेच. १९६९ साली त्याच्या भिंतीला तडे गेल्याचे व गळती वाढल्याचे ध्यानात आले, तेव्हा अभियंत्यांनी पाठीमागून भक्कम टेकू देऊन ते सावरले. म्हणजे त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय जितके बांधणाऱ्यांच्या कसबाला द्यावे, तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, ज्यांनी ते तडे वेळीच पाहिले आणि पाहिलेले वरपर्यंत कळवले, त्यांना दिले पाहिजे. तिवऱ्यासही गळती दिसलीच नव्हती असे नाही. ग्रामस्थांनी तिच्याविषयी तक्रारी केल्या होत्या आणि वरवरची डागडुजीही झाली होती. परंतु पाहणे आणि दखल घेणे यांच्यामध्ये सरकारदरबारी जे अंतर असते, त्या अंतरात ती वाडी गेली.

मातीच्या धरणाची रचना ज्याने बारकाईने पाहिली नसेल, त्यास ते म्हणजे मातीचा एक मोठा ढीग वाटण्याचा संभव आहे. वास्तविक त्याच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे कवच असते, पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग असते आणि कोरड्या बाजूस, आत मुरलेले पाणी मातीचा कण न हलवता बाहेर पडावे म्हणून, वाळूखडीची गाळणी व पायथ्याशी दगडांचा टो असतो. कारण मातीचे कोणतेही धरण पाझरतेच. न पाझरणारे मातीचे धरण अद्याप कोणी बांधलेले नाही. प्रश्न पाझराचा नसून त्याच्या रंगाचा व परिमाणाचा असतो. पायथ्याच्या चरातून स्वच्छ, थंड, एकसारखे पाणी वाहत असेल तर जुना चौकीदार निश्चिंत असतो. तेच पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी तळाशी मातीचा साका बसलेला दिसला, तर धरणाचे अंग झिजू लागले असे समजावे. जलाशयाची पातळी वाढलेली नसताना चरातील मोजणीच्या खाचेवरून पडणारी धार जाड झाली, तरी तेच. पाण्यासोबत माती निघाली की पायथ्याकडून एक बारीकशी नळी आत आत, जलाशयाच्या दिशेने खोदली जाते; वरून धरण जसेच्या तसे दिसते, त्याच्या माथ्यावरून बैलगाड्या जातात, आणि मग एखाद्या पावसाळी रात्री ती नळी पाण्याला मिळते. तेथून पुढे अवधी फारसा उरत नाही. तो तासांत मोजला जातो.

तिवरे फुटल्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी त्याचा दोष खेकड्यांवर ठेवला आणि महाराष्ट्राने त्यांची यथेच्छ थट्टा केली. ही थट्टा योग्य होती, पण तिचे कारण चुकले. खेकडे, उंदीर, घुशी बांध पोखरतात, उतारावर वाढू दिलेल्या झाडांची मुळे कुजून त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात, ही गोष्ट कोणत्याही पाटबंधारे खात्याला नवी नाही. म्हणूनच तर उतारावरील झुडपे दरसाल तोडावयाची असतात आणि बिळे हुडकून बुजवावयाची असतात. खेकड्यांना दोष देणाऱ्याने खरे पाहता आपल्या चौकीदाराचा, आपल्या मुकादमाचा, किंवा अधिक संभवनीय म्हणजे त्या रिकाम्या जागेचा दाखला दिला, जी भरण्यास मंजुरीच मिळाली नव्हती.

येथे आपल्या प्रशासनाच्या एका जुन्या खोडीकडे वळावे लागते. धरण बांधण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते, कोनशिला बसते, उद्‌घाटनास मंत्री येतात. परंतु गवत कापणे, चर उपसणे, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीच्या, दारांना वंगण देणे, या कामांना कोनशिला नसते. भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च यांची खाती निराळी, आणि दुसऱ्या खात्यावर कात्री चालवताना कोणाच्या पोटात कालवाकालव होत नाही. त्यातून छोट्या धरणांचा कारभार वाटलेला: शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे मृद व जलसंधारण खात्याकडे, मोठे जलसंपदेकडे. हद्दीच्या या वाटणीत कागद हरवतात. पुष्कळशा गावतलावांचे मूळ नकाशे, गाभ्याच्या मातीच्या चाचण्या, सांडव्याची गणिते आज कोणत्या दप्तरात आहेत, हे विचारले तर बदली होऊन आलेला शाखा अभियंता खांदे उडवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. दप्तर गेले की धरणाची स्मृती जाते, आणि आजार ओळखण्यास पूर्वीची प्रकृती ठाऊक असावी लागते.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याच्या वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले, तेव्हा ते म्हातारे नव्हतेच. ते पुरते जन्मलेही नव्हते. विमोचकाचे काम अपुरे असताना पावसाळ्यात जलाशय भरू दिला गेला आणि पुण्याने त्याची किंमत मोजली. खालचे १८७९ सालचे खडकवासला त्या लोंढ्यापुढे काही तास तग धरून मग कोसळले. त्या आघाताने मात्र राज्याला एक शिस्त लावली. मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर तपासणीचा शिरस्ता पडला, नाशिकला धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली. ही व्यवस्था मोठ्या धरणांना बऱ्यापैकी उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. तिचा प्रकाश डोंगरकपारीतल्या लहान धरणांपर्यंत पोचेतो मंद होत गेला.

शिवाय धरणाचे वय केवळ धरणातच वाढत नाही, ते त्याच्या खाली आणि वरतीही वाढते. बांधले तेव्हा ज्याच्या खाली भातखाचरे होती, त्याच्या खाली आज घरे, शाळा आणि हमरस्त्यावरचे ढाबे आहेत. भिंत तीच राहून तिच्या फुटण्याचे मोल मात्र शतपट झाले. आपल्याकडे नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखण्याचा नियम आहे, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. पण धरण वर असले की काठावरचा मनुष्य त्या रेषांकडे पाहीनासा होतो, कारण लहानसहान पूर धरणाच्या पोटात जिरतात आणि नदीचा स्वभाव एका पिढीत विसरला जातो. धरण हे पूररक्षक आहे अशी त्याची श्रद्धा असते. परंतु सिंचनासाठी बांधलेले आणि श्रावणातच काठोकाठ भरलेले धरण पूर कसा थोपवणार? बहुतेक लहान धरणांच्या सांडव्याला तर दरवाजेच नसतात. भरल्यावर वरून जितके येईल, जवळपास तितकेच खाली जाते. गाळ साचून पोट उथळ झाले की भरण्याची वेळही अलीकडे येते.

आकाशातले वय त्याहून अवघड. सांडव्याची रुंदी ज्या पावसाच्या जुन्या नोंदींवरून ठरवली, तो पाऊस त्या वेळचा होता. गुजरातेतील मच्छू नदीवरचे दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटून मोरबी शहर बुडाले, त्या दिवशी रचनेत गृहीत धरलेल्या पुराच्या दुपटीहून अधिक पाणी आले होते आणि ते मातीच्या बांधावरून ओसंडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यात, जेथे पर्जन्यमापकही नाही, तसा पाऊस पडल्यास तेथला चाळीस वर्षांपूर्वीचा सांडवा पुरेल की नाही, हे गणित पुन्हा मांडल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही. मातीच्या धरणावरून पाणी ओसंडू देता येत नाही. दगडी धरण ते क्वचित सोसते, माती सोसत नाही.

संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला, हे उत्तम झाले. त्याच्या आधी देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना ४,८६२ मोठ्या धरणांपैकी अवघ्या ३४९ धरणांचाच आपत्कालीन आराखडा तयार झालेला आढळला होता. पण हा कायदा पंधरा मीटरांहून उंच आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरांच्या धरणांना लागू आहे, आणि त्याखालचे शेकडो तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात, ज्यांच्या पायथ्याशीही वाड्या आहेत. कायद्याने जुन्या धरणांच्या आराखड्यांसाठी पाच वर्षांची मुदत घातली आहे. त्या मुदतीत आराखडे होतील. आपले खाते कागद करण्यात कच्चे नाही. ते कोठे ठेवले जातील, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोणती वाडी किती वेळात पाण्याखाली जाईल, कोणत्या टेकाडावर चढावयाचे, मध्यरात्री दार ठोठावण्याची जबाबदारी कोणाची, आणि तलाठी व पोलीसपाटील यांना इशारा द्यावयाचा अधिकार चौकीदाराला आहे की त्याने आधी उपविभागात दूरध्वनी लावून वाट पाहावयाची, या गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असल्या पाहिजेत. चौकीदाराला तो अधिकार लेखी मिळावा, आणि खोट्या इशाऱ्याबद्दल त्याला मेमो मिळणार नाही असा हुकूम त्याच कागदावर असावा. नाहीतर चरातले पाणी गढूळ झाल्याचे दिसूनही तो साहेबांच्या होकारासाठी सकाळपर्यंत थांबेल.