गाऱ्हाणे आणि शरणागती : संकटातल्या कुटुंबाची ख्रिस्ती प्रार्थना

घरावर संकट कोसळले असता ख्रिस्ती माणूस जी प्रार्थना करतो, तिची मुळे जुन्या करारात आहेत. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात यहूदाचा राजा यहोशाफाट याच्यावर मवाब आणि अम्मोन यांच्या फौजा चालून येतात. राजा घाबरतो, आणि ग्रंथकार ते लपवत नाही. उपास जाहीर होतो. सारे लोक बायकामुलांसह, कडेवरच्या लेकरांसह मंदिरापाशी येऊन उभे राहतात. राजा आधी पूर्वजांवर झालेल्या उपकारांची आठवण काढतो, मग शेजाऱ्यांच्या कृतघ्नपणाची तक्रार मांडतो. शेवटी आपल्यात बळ नाही, उपायही सुचत नाही, म्हणून देवाकडे डोळे लावून उभे आहोत, अशी कबुली देतो. गेल्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती कुटुंबांनी आजारपणात, दुष्काळात आणि युद्धात ज्या प्रार्थना केल्या, त्यांत हीच तीन अंगे पुन्हा पुन्हा दिसतात : आठवण, गाऱ्हाणे आणि हतबलतेची उघड कबुली.

यातले गाऱ्हाणे सर्वांत महत्त्वाचे, आणि आजच्या उपासनेत सर्वांत उपेक्षितही. स्तोत्रसंहितेत एकंदर १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. जर्मन अभ्यासक हेरमान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या स्तोत्रांची प्रकारवार मांडणी केली, तेव्हा विलापस्तोत्रांचा ठरावीक घाट स्पष्ट झाला. आधी देवाला हाक, मग दुःखाचे वर्णन, मग मागणी, त्यानंतर विश्वासाचा उच्चार आणि सुटका झाल्यावर स्तुती करण्याचे वचन. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा कडव्यांचे आहे, तरी हा सारा घाट त्यात आहे. देव आणखी किती काळ तोंड फिरवून राहणार, असा थेट सवाल करूनच ते सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र हा घाट मोडते. त्यात शेवटी दिलासा नाही, स्तुतीचे वचन नाही. आप्त-मित्र दुरावल्याची खंत आणि काळोख यांवर ते संपते. तरीही ते धर्मग्रंथात राखले गेले, ही मोठी गोष्ट आहे. ज्याला आशेचा एक शब्दही उच्चारता येत नाही, त्याचे बोलणेही प्रार्थनाच आहे, असे त्यातून ठरून गेले.

देवाशी असे भांडता येते, हे मराठी वाचकाला नवे वाटायला नको. तुकारामांच्या अभंगांत पांडुरंगाला जाब विचारण्याचा हक्क भक्ताने गृहीतच धरला आहे. ख्रिस्ती परंपरेत हा हक्क हळूहळू क्षीण होत गेला. अमेरिकन बायबल-अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या एका निबंधात विलाप गमावण्याची किंमत काय, याचा विचार केला. गाऱ्हाणे घालायला बंदी झाली की देवापुढे माणसाकडे फक्त होकार उरतो आणि न्यायाचा प्रश्न विचारण्याची जागाच नाहीशी होते, असे त्यांचे म्हणणे. ते रास्त आहे. मूल दगावलेल्या घरात पहिल्याच संध्याकाळी आभाराची प्रार्थना करायला लावणारा उपदेशक दुःख हलके करत नाही. तो आई-वडिलांचे तोंड बंद करतो.

येशूच्या चरित्रात कुटुंबासाठी केलेल्या याचना ठायी ठायी आहेत. सभास्थानाचा अधिकारी याईर मरणपंथाला लागलेल्या मुलीसाठी पाया पडतो. कफर्णहूमचा राजसेवक तापाने फणफणलेल्या मुलासाठी येशूला गाठतो. एक परदेशी स्त्री आपल्या लेकीसाठी विनवते. आधी तिला नकार मिळतो, पण ती मागे हटत नाही आणि वादात जिंकते. झटके येणाऱ्या मुलाचा बाप आपला विश्वास अपुरा असल्याचे कबूल करून त्या अपुरेपणासाठीच मदत मागतो. बेथानीच्या मार्था आणि मरिया तर भाऊ वारल्यावर येशूला सरळ सुनावतात की तो वेळेवर आला असता तर हे घडले नसते. यांपैकी कोणालाही अश्रद्ध म्हणून हाकलले गेलेले नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट याहून पुढे जाते. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहून त्याला बरे करतो. आजारी माणसाचा स्वतःचा विश्वास तिथे तपासलाच जात नाही. दुसऱ्यासाठी करायच्या, म्हणजे मध्यस्थीच्या, प्रार्थनेचा आधार इथे आहे. ज्याच्यात प्रार्थना करण्याचे त्राण उरलेले नाही, त्याच्या वतीने घरातली माणसे ती करू शकतात.

गेथशेमाने बागेतली येशूची स्वतःची प्रार्थना या विषयाचा गाभा आहे. अटकेच्या आदल्या घटकांमध्ये तो दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी स्पष्ट मागणी करतो आणि त्याच श्वासात पित्याच्या इच्छेला वाट करून देतो. ही मागणी खोटी नव्हती आणि शरणागतीही वरवरची नव्हती. या दोहोंपैकी एकच उचलले की प्रार्थना बिघडते. केवळ मागणी उरली की तिचा सौदा होतो. केवळ शरणागती उरली की दुःखाचे सोंग होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अन्याय मुकाट सोसण्याचा सल्ला होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘प्रार्थना कर, सगळे ठीक होईल’ एवढेच सांगून घरी पाठवणे हा गेथशेमानेचा अर्थ नव्हे. तिला सुरक्षित जागा मिळवून देणे हे तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांचेच काम आहे.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना पहिल्या शब्दापासून अनेकवचनी आहे. बाप सर्वांचा, भाकर सर्वांची, अपराधही सर्वांचे. एकट्याने खोलीत दार लावून ती म्हटली तरी तिच्यात इतरांना वगळता येत नाही. आरंभीच्या मंडळ्यांमध्ये ती दिवसातून तीनदा म्हणण्याचा प्रघात होता. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत तशी सूचना आहे. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीने मठवासीयांना दर आठवड्याला सर्व १५० स्तोत्रे म्हणण्याचा दंडक घातला. आनंदात असलेल्या साधूलाही त्यामुळे आठवड्यातून एकदा काळोखाचे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र म्हणावे लागे, आणि तो ते कोणा दुसऱ्या दुःखिताच्या वतीने म्हणे.

कुटुंबातल्या एका माणसासाठी वर्षानुवर्षे केलेल्या प्रार्थनेचे सर्वपरिचित उदाहरण उत्तर आफ्रिकेतल्या मोनिकाचे. तिचा मुलगा ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्ये थगास्ते येथे जन्मला, तरुणपणी मानी पंथाकडे वळला आणि आईला फसवून जहाजाने रोमला निघून गेला. त्या रात्री मोनिका किनाऱ्यावरच्या एका लहान प्रार्थनामंदिरात त्याने जाऊ नये म्हणून देवाला विनवत होती. पुढे त्याच प्रवासातून ऑगस्टीन मिलानला पोहोचला आणि ३८७ साली तिथे अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आपल्या आत्मनिवेदनात तो म्हणतो की आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते द्यायचे होते. हा निष्कर्ष मुलाने मागे वळून पाहताना काढलेला आहे. किनाऱ्यावरच्या आईच्या हाती त्या रात्री फक्त नकार होता. बाप्तिस्म्याच्या वर्षीच ओस्तिया बंदरात तिचे निधन झाले.

घरच्या प्रार्थनेला ठरावीक शब्द असावेत की नसावेत, यावर पंथांत फरक आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत घरातल्या कर्त्याने मुलामाणसांना शिकवायच्या सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थना घालून दिल्या. कॅथलिक घरांत ही जागा रोझरीने, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेने, घेतली. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात. संध्याकाळी सारे घर वेदीपुढे गुडघे टेकते, एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे उरलेली पुरी करतात. ठरावीक शब्दांना यांत्रिक म्हणून नाके मुरडली जातात, पण संकटात त्यांचे बळ कळते. धक्का बसलेल्या माणसाला स्वतःचे वाक्य जुळवता येत नाही. पाठ असलेले शब्द मात्र ओठांवर येतात, आणि ते अडले तर पुढचा अर्धा भाग दुसरे कोणीतरी म्हणतेच.

मुंबईतले प्लेगचे क्रूस हे या सामुदायिक याचनेचे दगडी पुरावे आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले. पुढच्या काही वर्षांत साथीने हजारो माणसे नेली. वांद्रे, गिरगाव, माझगाव इथल्या ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी आणि चौकात क्रूस उभारले. साथ टळावी म्हणून, किंवा वाचल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. त्यांतल्या अनेकांवर कोरलेली वर्षे आजही वाचता येतात. प्रत्येक घराची प्रार्थना तिथे गल्लीची झाली, आणि मे महिन्यात या क्रूसांपुढे रोझरी म्हणण्याची रीत अनेक ठिकाणी टिकून आहे. साथीत प्रार्थना आणि वैद्यक एकमेकांविरुद्ध उभी होती असेही नाही. रोग ओळखणारा डॉक्टर त्याच ख्रिस्ती समाजातला होता.

घरगुती काळजीचे सार्वजनिक रूप मुंबईत इतरत्रही दिसते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या बुधवारच्या ‘नोव्हेना’ या प्रार्थनेला सर्व धर्मांचे लोक येतात. परीक्षा, नोकरी, मूलबाळ, दारू सुटणे अशा विनंत्या आणि त्या पुऱ्या झाल्याचे आभार चिठ्ठ्यांवर लिहून देतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे वाहिली जातात.

मराठी प्रोटेस्टंट घरांतली कौटुंबिक उपासना याहून साधी. एक गीत, शास्त्रातला उतारा, आपल्या शब्दांतली प्रार्थना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. या उपासनेला मराठी चाल आणि मराठी अंतःकरण दिले ते नारायण वामन टिळकांच्या भजनांनी. आपल्या शब्दांत प्रार्थना करायची म्हणजे घरातल्या सर्वांत लहानालाही बोलण्याची पाळी मिळते, हे या पद्धतीचे मोठेपण. तिचा धोका असा की प्रार्थनेच्या आडून सुनेला किंवा मुलाला टोमणे मारता येतात.

पंडिता रमाबाईंच्या केडगावात प्रार्थनेचे कुटुंब रक्ताच्या नात्यापलीकडे गेले. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वारली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातूनही अनेक जणी आल्या. ‘मुक्ती’ या त्यांच्या केडगावच्या आश्रमात जमलेल्या या स्त्रियांना घरदार उरले नव्हते. जून १९०५ मध्ये तिथे जे जागरण झाले त्यात शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. पाहुण्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही, हा त्यांचा निर्णय फार शहाणपणाचा होता : ज्यांनी आपली माणसे उपाशी मरताना पाहिली, त्यांच्याकडून शांत सुरातल्या प्रार्थनेची अपेक्षा करणे क्रूरपणाचे झाले असते. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तशातही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही निधन झाले.

आजारपणात प्रार्थनेचा ‘परिणाम’ होतो का, हा प्रश्न आधुनिक काळाने मोजमापाच्या भाषेत विचारला. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अभ्यास झाला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. हे आकडे श्रद्धावंतांनी दडवू नयेत. मात्र या अभ्यासात प्रार्थना करणारे रुग्णांना ओळखत नव्हते. पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच त्यांना कळवले होते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली सूचना वेगळी आहे : आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना घरी बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तिथे स्पर्श आहे, भेट आहे, नाते आहे. कॅथलिक चर्चमध्ये हा तैलाभ्यंगाचा संस्कार शतकानुशतके मृत्युशय्येपुरता उरला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ पासून, तो गंभीर आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर दिला जाऊ लागला. औषध नाकारण्याला या शिकवणीत आधार नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयासारख्या मिशन संस्था याच श्रद्धेतून निघाल्या.

मागितलेले मिळाले नाही तर काय, याला परंपरेने सरधोपट उत्तर दिलेले नाही. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांची पत्नी जॉय १९६० साली कर्करोगाने वारली. दुसऱ्या वर्षी त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या शोकनोंदींत, सर्वांत गरज असताना देवाचे दार बंद आढळल्याची तक्रार आहे. श्रद्धेचे समर्थक म्हणून नावाजलेल्या माणसाने ते लिहून ठेवले, म्हणून ते पुस्तक आजही शोकग्रस्तांच्या हाती जाते. जर्मन धर्मपंडित डीट्रिश बोनहोफर यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून १९४३ च्या नाताळात सहकैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या. एकट्याने प्रार्थना जमत नाही, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांनी वाग्दत्त वधूला पाठवलेल्या पत्रासोबत आई-वडील आणि भावंडांसाठी प्रार्थनारूप कविता होती. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिले गेले. भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणे यांनाही त्याच महिन्यात ठार मारण्यात आले. ती कविता जर्मन चर्चमध्ये आज गीत म्हणून गायली जाते.

मृत्यूनंतर कुटुंबाच्या प्रार्थनेच्या वाटा वेगळ्या होतात. कॅथलिक घरे मृतासाठी मिस्सा अर्पण करतात आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवून रोझरी म्हणतात. धर्मसुधारणेतून निघालेल्या बहुतेक मंडळ्या मृतासाठी मागणी करत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानून त्या मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. पाळक आणि शेजारपाजारचे लोक त्यासाठी दुःखाच्या घरी जमतात, आणि घरातल्या कोणाला बोलवत नसेल तर प्रार्थना तेच म्हणतात.