विकायची नाही, मग?

आमच्या शांती नगरात इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तसं माळ्यांवरचं जुनं पितळ खाली उतरू लागलं. मोड घेणाऱ्या एकाने जिन्यातच विचारलं, ‘विकायचं नाही, वापरायचं नाही, मग ठेवता कशाला?’ हा प्रश्न मला डाचत राहिला.

आठवण, पूर्वजांचा हात लागलेली वस्तू, ही उत्तरं सर्वांना पाठ आहेत. मला वाटतं, वस्तू काही जण धरून ठेवतात, काही सांभाळतात. पहिल्याला ती आपली आहे एवढं पुरतं. दुसऱ्याला ती कुठली, कशासाठी घडवली, हे माहीत करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे दुसऱ्यांतले. चष्म्यांचा धंदा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता आणि जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेले अडकित्ते, दिवे, फण्या, दरवाजे. त्यांच्या संग्रहालयातल्या वज्र्यांसमोर मी नेहमी रेंगाळतो. टाच घासायची ही वस्तू मुठीत मावते. तळाला मळ निघावा म्हणून कोरलेल्या रेघा, वर ऐटीत बसलेला पक्षी, एखादीला घुंगरूसुद्धा. न्हाणीघरात पाहणारं कोण होतं? तरी कारागिराने पक्ष्याची मान वळवली, पिसं कोरली. रोजच्या कामाला इतका मान देणारा हात माझ्या लेखी दरबारी चित्रकाराच्या तोडीचा आहे.

पण ही वज्री केळकरांकडे आली, कारण कुठल्या तरी घराने ती सोडली. सगळेच ‘देणार नाही’ म्हणून बसले असते, तर संग्रह झाला नसता. आणि त्यांनी तो स्वतःजवळही ठेवला नाही. बालपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव देऊन १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

म्हणजे मोडवाल्याचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागतं. गोणपाटात बांधून ठेवलेली वस्तू कुणाच्याच उपयोगाची नाही. पण तो ती किलोवर घेतो, आणि पितळ एकदा मुशीत गेलं की पक्षीही गेला, तळाच्या रेघाही. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगीरीत्या परदेशी न्यायला मनाई करतो; गल्लीतल्या तराजूपर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही.

आमच्या माळ्यावरही एक वज्री आहे. विकणार नाही, असंच मी आजवर म्हणत आलो. आता विकेन, फुकटही देईन. मात्र ती वजनावर द्यायची नाही, आणि घेणाऱ्याने ती कोणत्या गावच्या, कोणत्या घरातली हे माझ्याकडून लिहून घेतलं पाहिजे.