पालकांचा हक्क कोणासाठी?

हक्क म्हटला की मनुष्य आपल्या वाट्याचा विचार करू लागतो. परंतु काही हक्क असे असतात की ते ज्याच्या हाती दिलेले असतात, त्याच्या सुखासाठी ते नसतात. दिव्यांग मुलाच्या शिक्षणाबाबत पालकांस मिळालेला हक्क हा त्यांपैकी एक होय, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत १९७५ साली अशा प्रत्येक मुलास सरकारी खर्चाने योग्य शिक्षण मिळावे असा कायदा झाला. शाळेने मुलाची पहिली तपासणी करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी, त्याची शिक्षणयोजना आखणाऱ्या बैठकीत पालकांस स्थान असावे, मतभेद झाल्यास त्यांस त्रयस्थ अधिकाऱ्यापुढे दाद मागता यावी, अशी त्याखालील व्यवस्था आहे. ओहायो राज्यातील एका दांपत्यास अपील न्यायालयाने वकिलावाचून दावा चालविण्यास मनाई केली होती. परंतु २००७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, या कायद्याखाली पालकांस स्वतःचेही हक्क आहेत आणि ते त्यांस स्वतः न्यायालयात मांडता येतात.

हा निर्णय आम्हांस न्याय्य वाटतो. तथापि प्रश्न येथे संपत नाही. विशेष शिक्षण सुरू करण्यास पालकांनी संमती नाकारली, तर त्या कायद्यानुसार शाळेस ती सुनावणी मागूनही मिळविता येत नाही. तो नकार मुलाचे हित पाहून दिला, की लोक काय म्हणतील या धास्तीने, हे कायदा विचारीत नाही. ते पालकांनी स्वतःलाच विचारावयाचे असते.

देवस्थानची जमीन विश्वस्ताच्या सहीने चालते. म्हणून ती त्याची होत नाही. पालकांच्या सहीचेही तसेच आहे. अमेरिकेत मूल सज्ञान झाल्यावर हे हक्क त्याच्याकडे सोपविण्याची मुभा राज्यांस आहे, ती याचमुळे. आपल्याकडील २०१६ चा कायदाही ६ ते १८ वर्षांच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास जवळच्या शाळेत वा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो, आणि शाळेची निवड मुलाच्याच नावे लिहितो.

यास्तव पालकांनी शाळेपुढे निःसंकोच उभे राहावे आणि मुलाचे जे असेल ते मागून घ्यावे. मात्र आपल्या संकोचापायी मुलास घरात बसवून ठेवणे हा त्यांचा हक्क नव्हे. तसे करणारा पालक दुसऱ्याची ठेव अडवून बसतो.