मामा, एक वाढवा

आमच्या फुलसावंगीत लहानपणी मैदान म्हणजे रिकामं वावर आणि खेळ म्हणजे विटीदांडू. विटी शेजारच्या पऱ्हाटीत गेली की खेळ थांबायचा अन् भांडण सुरू व्हायचं. आवाज ज्याचा मोठा, डाव त्याचा.

दिवाळीच्या सुटीत पुण्याला गेलो, तेव्हा भाच्यानं बावधनजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर नेलं. १८ खड्डे, ७२ फटक्यांचा हिशेब, आणि सगळा खेळ टेकड्यांच्या चढउतारावर. नीट पाय रोवून उभं राहायचीच पंचाईत! पंच कुठं आहे, असं मी विचारलं. पंच नव्हताच. फटके ज्याचे त्यानं मोजायचे.

एक चेंडू घरंगळत झुडपाआड गेला. भाचा तिकडून मारून बाहेर आला अन् म्हणाला, "मामा, एक वाढवा. काठी टेकवताना चेंडू हलला."

मला तर काहीच दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी कळलं नसतं!

१९२५ साली अमेरिकेच्या खुल्या गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूचा चेंडूही असाच किंचित हलला होता. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच एक फटका वाढवून घेतला. त्या एका फटक्यामुळं बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक फेरीत तो हरला.

गावी येऊन पारावर हे सांगितलं. एक जुना गडी बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "पण झुडपात कोन पाह्यते गा?"