नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फरक एका मात्रेचा. पहिले काम अकीक्याच्या किंवा बारशाच्या दिवशी उरकते, दुसरे वर्षभर चालते. उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवताना आम्ही हा फरक फळ्यावर लिहितो आणि मुले हसतात. पण दुसऱ्याला आपण दिलेले नाव ओळख कधी असते आणि डाग कधी होतो, हे व्याकरणाच्या तासाला सांगता येत नाही.

तो प्रश्न कार्ल्याच्या लेण्यात आमच्यापुढे उभा राहिला. लोणावळ्याच्या अलीकडे, मळवली स्टेशनवरून जाता येणारे हे लेणे एकवीरा आईच्या भक्तांना जितके परिचित तितकेच शाळेच्या सहलींना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला चैत्य, लांबी जवळजवळ १२४ फूट, आणि छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून शाबूत. आमच्या मते मात्र खरी श्रीमंती खांबांवर आहे. हे काम एकट्या राजाच्या तिजोरीतून झालेले नाही. कोणी सुतार, कोणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कोणी भिक्षू यांनी आपापला वाटा दिला आणि ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आपले नाव कोरून घेतले. त्या दात्यांत धेनुकाकट गावचे काही 'यवन' आहेत. एकाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे यसवधन.

हे सांगताच नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, यवन म्हणजे आपणच ना?" त्याने तो शब्द ग्रंथालयातल्या एका ऐतिहासिक कादंबरीत वाचला होता. जुन्या बखरींपासून कादंबऱ्यांपर्यंत मराठीने मुसलमानाला 'यवन' म्हटले आहे आणि बहुतेक ठिकाणी ते प्रेमाने म्हटलेले नाही. मुलाच्या प्रश्नात राग नव्हता, हेच आम्हाला अधिक बोचले. त्याने ते नाव मुकाट्याने स्वतःला लावून घेतले होते.

मुळात हा शब्द ग्रीकांचा. त्यांच्यातल्या आयोनियन लोकांवरून इराणात 'यौन' झाले, संस्कृतात 'यवन', प्राकृतात 'योन' आणि अरबीत 'यूनान'. म्हणजे आपण उर्दूत ज्या देशाला यूनान म्हणतो, ज्याच्या नावाने हकीमसाहेबांची युनानी दवा चालते आणि पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये महाविद्यालय चालते, तोच हा यवन. अरस्तू आणि अफलातून आमच्या मुलांना घरच्यासारखे ठाऊक. (अफलातून तर मराठीत विशेषण होऊन बसला आहे, त्याला कोणी परका म्हणत नाही.) पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येकाला हे नाव चिकटत गेले आणि शेवटी ते आपल्यापाशी येऊन थांबले.

खांबावरच्या त्या माणसाला मात्र हा इतिहास ठाऊक नव्हता. त्याने स्वतःला यवन म्हटले ते गावाचे नाव सांगावे इतक्या सहजपणे. त्याचे नाव इथल्या मातीतले, म्हणून तो रक्ताने ग्रीक होता की नाही यावर विद्वान वाद घालतात. त्याला त्यात अडचण वाटली नसावी. धेनुकाकटचाही तो, यवनही तो, आणि खांबही त्याचाच. आपल्याला 'मराठी आधी की मुसलमान आधी' असे विचारणाऱ्यांनी हा खांब एकदा पाहावा.

त्या दिवशी आम्ही मुलांना पक्षी पाहायलाही सांगितले होते. नियम एकच: वहीत आधी वर्णन लिहायचे, नाव शेवटी. चोच, शेपटी, चाल पाहिल्याशिवाय नाव लिहायचे नाही. सलीम अलींची गोष्ट त्यांना ठाऊक होती. लहानपणी हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. 'चिमणीच ती' म्हणून तो मुलगा गप्प बसला नाही. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथून एका आयुष्याला दिशा मिळाली.

पक्ष्यांच्या नावांनी मुलांची बरीच करमणूक केली. आमच्या गझलेतला बुलबुल हा इराणच्या बागेतला गाणारा पक्षी. मावळच्या झुडपातला लालबुड्या बुलबुल वेगळाच. शायरांनी आपल्याला नाव दिले आणि पक्षी तिकडेच ठेवला. तसाच इक्बालांचा ममोला. मुलांनी तो शेरात ऐकला होता, पाहिला नव्हता. लेण्याजवळच्या ओल्या कातळावर पोटाशी पिवळसर, सतत शेपटी हलवणारा पक्षी दिसला. तो करडा धोबी. धोबी म्हणजेच ममोला, हे कळल्यावर मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि अर्थातच तो उडाला.

पक्ष्याला आपण बुलबुल म्हटले काय किंवा आणखी काही, त्याचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते. तो आपले नाव ऐकतो, मान खाली घालतो किंवा मूठ वळतो. म्हणून पाखराच्या बाबतीत पाळलेला नियम माणसाच्या बाबतीत दुप्पट कडक असायला हवा, आणि आपण नेमके उलटे करतो. हे फक्त 'त्यांनी' केले असेही नाही. आमच्याच वर्गात आजमगढकडच्या कुटुंबांतली मुले आहेत. त्यांना 'भय्या' म्हणणारी मुले आपल्याच मोहल्ल्यातली आहेत, आणि घरात तो शब्द त्यांनी कोणाकडून ऐकला हे आपल्याला माहीत आहे. यवन म्हटल्याचे दुःख सांगणाऱ्या तोंडात 'भय्या' कसा बसतो, याचे उत्तर बखरींत शोधून मिळणार नाही.

वहीत शेवटी दोन रकाने होते: 'इथला' आणि 'पाहुणा'. थोरला धोबी बारमाही, त्यावर वाद नव्हता. करड्या धोब्यावर झाला. तो हिमालयाकडून हिवाळ्याआधी येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. एका मुलाने त्याला पाहुण्यांत टाकले. कोणाला 'भय्या' म्हणतात त्यांच्यापैकीच एक मुलगी बोटांवर महिने मोजून म्हणाली, "सर, सहा महिने तो यहीं रहता है. फिर मेहमान कैसा?" दुसरी म्हणाली, अंडी कुठे घालतो ते महत्त्वाचे. तिसऱ्याने विचारले, त्यालाच विचारले तर? वाद रंगला. मळवलीची लोकल गाठायची होती, म्हणून तो रकाना कोरा ठेवून आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.